गरिबाच्या चुलीपाशी बसलेले बल्लवाचार्य

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्यांच्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एक नामांकित बल्लवाचार्य राबत होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांचे नाव अॅलेक्सिस सॉयर. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

सॉयर यांचा जन्म 1810 साली फ्रान्समधील मो या गावी एका गरीब कुटुंबात झाला. लहान वयातच ते पॅरिसला भावाकडे स्वयंपाक शिकायला गेले. 1830 च्या क्रांतीनंतर त्यांनी इंग्लंड गाठले आणि 1837 मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबचे मुख्य आचारी झाले. तिथे त्यांनी गॅसच्या शेगड्या असलेले स्वयंपाकघर उभारले. ते पाहायला लोकांची रीघ लागे. 1842 मध्ये त्यांची चित्रकार पत्नी एमा बाळंतपणाच्या वेळी वारली. त्या दुःखातही त्यांनी काम सोडले नाही.

तेवढ्यात आयर्लंडवर संकट कोसळले. 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरीब आयरिश कुटुंबे बटाट्यावरच जगत होती. सरकारने परदेशातून मका आणला, पण तो कसा दळावा, किती वेळ शिजवावा हे लोकांना माहीत नव्हते. अर्धाकच्चा मका खाऊन पुष्कळांची पोटे बिघडली. धान्य देणे आणि ते रांधायला शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले.

1847 च्या एप्रिलमध्ये सॉयर यांनी डब्लिनला नमुनेदार अन्नछत्र उघडले. घंटा वाजली की शंभर माणसे आत येत, सूप पीत आणि जाताना हातात भाकरीचा तुकडा मिळे. चमचे टेबलाला साखळीने बांधलेले असत. रोज हजारो लोक जेवून जात. मात्र उद्घाटनाच्या दिवशी काही श्रीमंत मंडळी पाच शिलिंग देऊन गरिबांचे जेवण पाहायला आली होती. ही गोष्ट वाचताना आम्हाला आजही लाज वाटते.

त्याच वर्षी त्यांनी गरिबांसाठी स्वस्त पाककृतींची पुस्तिका लिहिली. सलगमची साल, कांद्याच्या पातीचा हिरवा भाग, सेलरीची पाने टाकू नका, त्यात चव आहे, असे ते सांगत. ही शिकवण खरी होती. पण त्यांचे एक सूप असे होते: सुमारे नऊ लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅमहून कमी मांस, थोडी चरबी, कांदा-भाजी आणि पीठ व बार्ली प्रत्येकी पाव किलोपेक्षा थोडी कमी. असे सूप दिवसातून एकदा पोटभर प्यायले आणि सोबत एक बिस्किट खाल्ले, की धडधाकट माणसाची ताकद टिकते, असा त्यांचा दावा होता. डॉक्टरांनी तेव्हाच शंका घेतली. आजच्या हिशेबाने त्या सूपच्या एका लिटरात तीनशे कॅलरीसुद्धा भरत नाहीत! कष्टकऱ्याला दिवसाला दोन हजारांहून अधिक लागतात. चव होती, पोषण अपुरे होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मेले.

सॉयर यांचे मन चांगले होते, यात शंका नाही. 1854 मध्ये त्यांनी एक शिलिंग किमतीचे पाकपुस्तक काढले. एक लोखंडी भांडे, एक तवा आणि भाजायची जाळी एवढ्यावर मजुराच्या घरी चांगले जेवण कसे होईल, हे त्यात सांगितले होते. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या.

1855 मध्ये ते आपण होऊन क्रिमियाच्या युद्धभूमीकडे निघाले. तुर्कस्तानातील स्कुतारीच्या रुग्णालयात मांस होते, भाजी होती, पण रांधणारे अडाणी. मांस उकळून त्याचे पाणी ओतून देत. सॉयर यांनी ते पाणी राखायला लावले, त्याचे सूप केले, शिपायांना स्वयंपाक शिकवला. कमी सरपणावर चालणारी त्यांची शेगडी ब्रिटिश सैन्यात शंभराहून अधिक वर्षे वापरात राहिली. तिथून ते आजार घेऊनच परतले आणि 5 ऑगस्ट 1858 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी वारले.

माणूस तोच, हातची कला तीच. मग डब्लिनला जे साधले नाही ते स्कुतारीला कसे साधले? स्कुतारीला शिधा होता, ज्ञान नव्हते. ते सॉयर यांनी दिले. डब्लिनला भांड्यातच पुरेसे अन्न नव्हते, आणि अन्नाची उणीव कोणतीही पाककृती भरून काढू शकत नाही.

वाचकहो, मुळ्याचा पाला टाकू नये, भाजी शिजवलेले पाणी आमटीत घालावे, हे आपण शेजारणीला जरूर शिकवू या. पण शिकवण्याआधी तिच्या डब्यात डाळ आहे का, हेही पाहू या. नसेल तर आधी डाळ न्यावी, मग पाककृती सांगावी.