गोपाळ गणेश आगरकर : शिक्षक, संपादक आणि पुराव्याचा धडा



दरवर्षी ६ जानेवारीला आपण शाळेत पत्रकार दिन साजरा करतो. १८३२ मध्ये याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, हे मुलांना फलकलेखनातून आणि परिपाठातून माहीत असतं. पण पत्रकार नेमकं काय काम करतो, असं विचारलं की मुलं म्हणतात, बातम्या देतो. ती बातमी कुठून येते, ती खरी आहे हे कोण तपासतं, आणि तपासलीच नाही तर काय होतं, हा भाग सहसा राहून जातो. शोध पत्रकारिता म्हणतात ती इथूनच सुरू होते. लपलेली गोष्ट लोकांसमोर आणायची आणि ती पुराव्यानिशी आणायची.

हा भाग समजावण्यासाठी आज गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र पाहूया. समाजसुधारक म्हणून ते आपल्याला पाठ आहेत. पण ते आधी शिक्षक होते, मग संपादक झाले, आणि तपास पुरा न झालेल्या एका मजकुरापायी तुरुंगात जाऊन आले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हाच भाग मुलांना सगळ्यात जास्त शिकवून जातो.

बालपण आणि शिक्षण

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची परिस्थिती अगदी बेताची होती. कऱ्हाडला आजोळी राहून ते शिकले. मध्ये शाळा सोडून कचेरीत कारकुनी करावी लागली. पुढे शिकायचं म्हणून रत्नागिरी गाठली, पण तिथे जम बसला नाही. शेवटी ते वऱ्हाडात अकोल्याला गेले. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरू भेटले आणि मॅट्रिक झाली. 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लिहून त्यांनी लेखणीला वळण लावलं ते याच काळात.

मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही हकीकत आपण मुलांना नेहमी सांगतो. एम. ए. होत असताना त्यांनी आईला पत्र लिहिलं. मुलगा मोठी परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा ठेवू नकोस, पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून मी सगळा वेळ लोकांसाठी देणार आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या घरात दोन वेळचं जेवण हाच प्रश्न होता, त्या घरच्या मुलाने हे लिहिलं.

डेक्कन कॉलेजातच त्यांची आणि बाळ गंगाधर टिळकांची मैत्री जमली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आगरकर परीक्षा आटोपून त्यांना येऊन मिळाले. दिवसा शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्र काढायचं, असा या मंडळींचा संसार सुरू झाला. जानेवारी १८८१ मध्ये इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' निघाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २४.

तो काळ कसा होता?

मुलांना सांगताना हे जरूर सांगावं, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. १८७८ मध्ये सरकारने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदा केला होता. १८७९ मध्ये आपल्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, त्यांच्यावर पुण्यात खटला चालला आणि जन्मठेप भोगायला त्यांना एडनला पाठवण्यात आलं. सरकारचं सगळ्यांवर बारीक लक्ष होतं. माहितीचा अधिकार वगैरे काही नव्हतं. संस्थानात किंवा सरकारी कचेरीत काय चाललंय हे कळायला वर्तमानपत्रापाशी फक्त लोकांनी आणून दिलेली माहिती आणि कागद असायचे.

कोल्हापूर प्रकरण

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. वयाने लहान, दत्तक आलेले. त्यांची मानसिक प्रकृती बिघडली आहे असं सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवलं होतं. संस्थानचा कारभार माधवराव बर्वे पाहत होते. महाराजांना नीट वागवलं जात नाही, त्यांचा छळ होतोय, अशी चर्चा कोल्हापुरात आणि पुण्यात जोरात होती. लोकांचा जीव या राजावर होता. कोणीतरी हे उजेडात आणायला हवं अशी भावना होती.

'केसरी' आणि 'मराठा' यांनी हा प्रश्न हाती घेतला. अशात काही पत्रं पुढे आली. ती बर्व्यांची म्हणून सांगितली गेली आणि त्यांतून महाराजांविरुद्धचा कट दिसत होता. ज्या गोष्टीचा संशय होता तिचा लेखी पुरावाच जणू हाती आला. दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर कडक मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला.

मुंबईत खटला चालला आणि ती पत्रं बनावट ठरली. आगरकर-टिळकांनी ती तयार केली नव्हती, त्यांनी विश्वासाने ती खरी मानली होती. पण छापलं होतं त्यांनीच. दोघांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटला चालू असतानाच मार्चमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं निधन झालं होतं, म्हणजे शाळा आणि वर्तमानपत्रं उभी करणारा माणूसही गेला होता.

या प्रकरणातली एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. या तरुणांच्या जामिनासाठी धावून आले ते महात्मा जोतीराव फुले. त्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. याच गटातल्या चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांवर अतिशय बोचरी टीका केली होती. ते सगळं बाजूला ठेवून फुले उभे राहिले, कारण लोकांसाठी लिहिणारा संपादक एकटा पडू नये असं त्यांना वाटलं असणार.

डोंगरीचे १०१ दिवस

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघे मित्र एकत्र होते. देशाची सेवा कशी करायची, आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, यावर रात्र रात्र वाद व्हायचे. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याची बीजं या गप्पांतही होती. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं आगरकरांनी केलेलं 'विकारविलसित' हे रूपांतरही याच सुमाराचं, ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. शिक्षेत सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं.

सुटल्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगांत आमचे एकशे एक दिवस' हे पुस्तक लिहिलं. तुरुंगाच्या भिंतीआड काय असतं हे तोवर सामान्य वाचकाला कुठून कळणार? इथे मात्र उसना कागद नव्हता. स्वतः पाहिलेलं आणि स्वतः भोगलेलं होतं. म्हणून त्या लेखनाला कोणी खोटं म्हणू शकलं नाही.

मग चूक काय झाली?

इथे आपण शिक्षकांनी थोडं थांबायला हवं. बरेचदा ही गोष्ट अशी सांगितली जाते की इंग्रजांच्या राज्यात सत्य लिहिलं म्हणून दोघांना तुरुंगात टाकलं. ऐकायला छान वाटतं, पण ते पुरतं खरं नाही.

महाराजांबद्दलची काळजी खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरला देखरेखीखाली असतानाच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांना जबर मार लागला होता. म्हणजे राजा सुरक्षित नाही हा संशय रास्त होता. पण बर्व्यांवरचा पुरावा बनावट होता. त्याचा परिणाम असा झाला की महाराजांचं काय होतंय हा प्रश्न कोर्टात बाजूला पडला आणि पत्रं कोणी बनवली, छापली का, यावरच सगळं आलं. खोट्या पुराव्याने एका माणसाची नाहक बदनामी झाली आणि खरा प्रश्नही दुबळा झाला. नुकसान दोन्हीकडे झालं.

याच मुंबईत वीस वर्षं आधी उलट घडलं होतं. 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये वैष्णव पंथाच्या महाराजांच्या गैरवर्तनावर लिहिलं. त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लागला. समाज विरोधात गेला. पण १८६२ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा करसनदासांच्या बाजूने साक्षीदार उभे राहिले. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे नामवंत डॉक्टर होते. लिहिलेलं शाबित झालं आणि करसनदास जिंकले.

दोन्ही संपादकांचं धाडस सारखंच. फरक पडला पुराव्याने. शोध पत्रकारितेत धाडसाइतकाच, किंबहुना जास्त, वेळ तपासण्यात जातो. कागद कुठून आला, देणाऱ्याचा त्यात काय फायदा, अक्षर आणि सही खरी का, दुसरा साक्षीदार आहे का, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारलं का? एवढं केल्यावर छापायचं. आणि आपल्या संशयाला अगदी जुळणारा कागद हाती आला तर तो दुप्पट तपासायचा, कारण आपल्याला तो खरा ठरावा असं वाटत असतं.

पुढचं आयुष्य

तुरुंगातून आल्यावर आगरकर गप्प बसले नाहीत. सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांशी मतभेद वाढले, तेव्हा ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये स्वतःचं 'सुधारक' पत्र काढलं. त्यातला इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले पाहायचे. बालविवाह, विधवांचं केशवपन, स्त्रियांचं शिक्षण, संमतिवयाचा कायदा या विषयांवर त्यांनी लिहिलं. इथे कोणाचं गुप्त पत्र लागत नव्हतं. घराघरात जे चाललं होतं तेच त्यांनी मांडलं, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे असं म्हणणाऱ्यांना कारणं विचारली. परंपरा आहे म्हणून खरं, हे उत्तर त्यांनी कधी मान्य केलं नाही.

याची किंमत मोठी होती. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते गेले. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असं सांगतात. कितीही वाद झाले तरी 'केसरी'त त्यांचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

वर्गात काय करता येईल?

पाचवी ते सातवीसाठी हा उपक्रम सोपा आहे. पावसाळ्यात आपल्या रायगड जिल्ह्यात काय होतं ते पालकांना चांगलं ठाऊक आहे. जोराचा पाऊस लागला की रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर पत्र फिरायला लागतं, उद्या शाळांना सुट्टी. वर शिक्का असतो, खाली सही असते. पुष्कळदा ते मागच्या वर्षीचं असतं, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्याचं. असं एक नमुना पत्र आपणच तयार करून मुलांना द्या आणि गटात पुढचे प्रश्न सोडवायला सांगा.

१. पत्रावरची तारीख, जावक क्रमांक आणि जिल्ह्याचं नाव काय आहे?
२. हे पत्र मूळ कोणी पाठवलं? आपल्याला कोणाकडून आलं?
३. ते खरं आहे हे दुसऱ्या कुठल्या ठिकाणी पडताळता येईल?
४. ते खरं असावं असं आपल्याला वाटतंय का? का वाटतंय?
५. पडताळल्याशिवाय पुढे पाठवलं तर कोणाचं काय नुकसान होईल?

चौथा प्रश्न सोडू नका. सुट्टीचं पत्र खरं असावं असं प्रत्येक मुलाला वाटतं, म्हणूनच ते तपासलं जात नाही. मुलं यावर हसतील, पण मुद्दा त्यांच्या लक्षात राहील. उपक्रम झाल्यावर कोल्हापूर प्रकरणाची गोष्ट सांगा. आधी सांगितली तर ती इतिहासाचा धडा होते, नंतर सांगितली तर मुलांना आपल्या हातातला मोबाईल आठवतो.

पालकहो, घरी एक करून पाहा. एखादी बातमी मुलांसमोर वाचून दाखवली की ती कुठून आली हेही सांगा. माहीत नसेल तर दोघे मिळून शोधा. विचारण्याची ही सवय लहानपणी लागली तर मोठेपणी ती सुटत नाही. पुढे यांतली काही मुलं पत्रकार होतील, बाकीची वाचक होतील. तपासून लिहिणाऱ्याला तपासून वाचणारेही लागतात, आणि ते घडवायचं काम आपल्याकडेच आहे.