पंडिता रमाबाई

आमच्या बाईंनी सांगितले की भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणायचे. वर्गातल्या सात जणांनी सावित्रीबाई घेतल्या, चौघांनी शिवाजी महाराज घेतले. मी उशिरा आले म्हणून माझ्यासाठी कोणी उरलं नव्हतं. मग बाईंनी मला कपाटातलं एक जुनं पुस्तक दिलं. ते पंडिता रमाबाईंचं होतं. आधी मला वाईट वाटलं, पण पुस्तक वाचल्यावर लई आवडलं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे व आईचे नाव लक्ष्मीबाई. त्या काळी बायकांनी शिकायचं नाही असं लोक म्हणत. पण अनंतशास्त्रींनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. लोक रागावले म्हणून ते रानात जाऊन राहिले. तेथे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवलं. घरात पुष्कळ काम असे, म्हणून त्या रमाला पहाटेच उठवत आणि मांडीवर घेऊन श्लोक पाठ करून घेत. रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले. आम्हाला पंधराचा पाढा पाठ होत नाही!

पुढे हे सगळे कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव फिरू लागले. देवळात पुराण सांगायचे व लोक देतील ते खायचे. तेवढ्यात दुष्काळ पडला. झाडाचा पाला खायची वेळ आली. १८७४ साली वडील वारले, मग आई वारली, मग मोठी बहीणही वारली. आई वारली तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदा दिला. त्या ठेंगण्या होत्या, म्हणून तिरडीचा दांडा त्यांनी डोक्यावर घेतला. हे मी घरी मोठ्याने वाचत होते तेव्हा माझी आजी मध्येच उठून बाहेर गेली.

मग रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास असे दोघेच राहिले. ते हजारो मैल पायी चालले. झेलम नदीच्या काठी एकदा लई थंडी पडली. अंगावर पांघरूण नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले, त्यात झोपले आणि अंगावर वाळू ओढून घेतली. आम्ही गोदावरीच्या वाळूत असं खेळायला करतो. त्यांनी जीव वाचवायला केलं.

१८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. एवढ्या लहान वयात संस्कृत बोलणारी बाई पाहून तिथल्या विद्वानांना नवल वाटले. त्यांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी नावाच्या वकिलांशी लग्न केले. जात वेगळी होती म्हणून पुष्कळ लोकांनी त्यांना वाळीत टाकले. १८८१ च्या एप्रिल महिन्यात त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. पण मनोरमा दहा महिन्यांची असताना पटकी होऊन तिचे वडील वारले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या.

मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या व १८८२ साली आर्य महिला समाज काढला. डॉक्टरीण व्हावे म्हणून १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कानाने कमी ऐकू येई, म्हणून ते जमले नाही. तिथे त्यांनी मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवले. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी इकडे आली तेव्हा लोक फार चिडले. रमाबाई मात्र मांस खात नसत आणि साडीच नेसत.

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचा समारंभ पाहायला रमाबाई अमेरिकेला गेल्या व तेथेच राहून बालवाडी कशी चालवायची ते शिकल्या. शाळेसाठी पैसे जमवायला त्या शहराशहरातून भाषणे करीत फिरल्या. मनोरमा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला त्यांनी परत इंग्लंडला पाठवलं. आई एका देशात आणि पोर दुसऱ्या देशात, मध्ये समुद्र.

ही गोष्ट मला पटली नाही. माझी माय मिरचीच्या हंगामात गोदामात मिरच्यांची देठं खुडायला जाते. संध्याकाळी येते तेव्हा तिचे हात जळत असतात, म्हणून ती आमच्या धाकट्याला लगेच जवळ घेत नाही. तो तेवढ्यानेच रडतो. मी मायला विचारलं की रमाबाईंनी असं कसं केलं? माय म्हणाली की तिला काय बरं वाटलं असेल का? आणि तेवढंच पान तिने मला पुन्हा वाचायला लावलं.

रमाबाई १८८९ साली परत आल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी शारदा सदन ही शाळा काढली. पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. ज्यांचे नवरे लहानपणीच वारले अशा मुली तेथे राहून शिकत. पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई होत्या. त्यांचे लग्न पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाले. रमाबाई प्रार्थना करताना खोलीचे दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली मोठे भांडण झाले आणि पुष्कळ लोकांनी आपल्या मुली काढून नेल्या. मला वाटतं लोकांनाही भीती वाटली असेल. पण शाळा बंद पडली नाही.

१८९६-९७ ला पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. त्या मध्य प्रांतात गेल्या व उपाशी फिरणाऱ्या सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांची शेतजमीन होती, तेथे त्यांना ठेवले. त्याचे नाव मुक्ती. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे झाली. मुली शेती करीत, कापड विणत, छापखाना चालवीत. आंधळ्या मुली बोटांनी ठिपके चाचपून वाचायला शिकत.

मनोरमा मोठी होऊन आईच्याच शाळेत शिकवू लागली. दोघींनी गुलबर्ग्यालाही शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आमचे धर्माबादपण त्याच राज्यात होते. रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबल सोप्या मराठीत लिहिले. २४ जुलै १९२१ ला मनोरमा वारली. ती चाळीस वर्षांची होती. नंतर नऊ महिनेही झाले नाहीत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या.

१९८९ साली सरकारने त्यांच्या नावाचे पोस्टाचे तिकीट काढले. केडगावची संस्था अजून आहे. धर्माबादहून रेल्वेने मनमाडला जायचे, तेथून दौंडला, आणि दौंडहून केडगाव जवळच आहे. माय म्हणते मिरचीचा हंगाम संपला की बघू.