कर्मवीर भाऊराव पाटील : गरीब विद्यार्थ्यांचा आधारवड

पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहिल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यापायी बोर्डिंगचा आश्रय गमावला. निराधार विद्यार्थ्याची अवस्था काय असते, हे त्यांना तेव्हाच उमगले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग उभे राहिले. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा धर्मपत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही दिले.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत, त्याने शेतात वा बांधकामावर श्रम करावेत आणि ताठ मानेने पदवी घ्यावी, ही 'कमवा व शिका' योजना तेथे रुजली. मदत मिळावी, परंतु घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे तिचे मर्म होते.

९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे देहावसान झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज हाती घेताना प्रत्येक विश्वस्ताने त्यांचे स्मरण करावे. अर्जदाराची जात नव्हे, गरज पाहावी आणि त्याचा स्वाभिमान जपावा. हेच खरे विद्यादान! कर्मवीरांना विनम्र अभिवादन.