जॉर्जियाचे संस्थापक जेम्स ओगलथॉर्प

राजांच्या पुस्तकांत आपण वाचतों कीं, हिज्कीया राजानें उच्च स्थानें मोडून टाकलीं आणि त्याच्यामागून गादीवर बसलेल्या मनश्शेनें तीं पुन्हा बांधलीं. एकानें घातलेला चांगला पायंडा दुसऱ्याच्या कारकीर्दींत कसा नाहींसा होतो, ह्याचें तसेंच एक उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानाच्या आरंभींच्या इतिहासांत सांपडतें.

जेम्स एडवर्ड ओगलथॉर्प ह्यांचा जन्म १६९६ सालीं लंडन शहरीं झाला. १७२२ सालीं ते पार्लमेंटचे सभासद झाले. त्यांचे मित्र रॉबर्ट कॅस्टेल हे कर्जापायीं तुरुंगांत पडले. तेथील अधिकाऱ्यास देण्यास पैसा नसल्यामुळें त्यांस देवीच्या रोग्यांच्या घरांत ठेवण्यांत आलें, आणि त्याच रोगानें १७२८ सालीं त्यांचा अंत झाला. पुढील वर्षीं तुरुंगांच्या चौकशीसाठीं पार्लमेंटनें कमिटी नेमली. तिचे अध्यक्ष ओगलथॉर्प होते.

ह्यांतूनच गरिबांकरितां नवी वसाहत स्थापण्याचा विचार निघाला. १७३२ सालीं दुसऱ्या जॉर्ज राजानें एका विश्वस्त मंडळास सनद दिली. विश्वस्तांनीं तेथें जमीन किंवा नफा घेऊं नये, असा नियम होता. १७३३ च्या फेब्रुवारींत ओगलथॉर्प ह्यांनीं शंभरांहून अधिक माणसांसह सव्हाना नगर वसविलें. गव्हर्नर ही पदवी त्यांस नव्हती, तरी कारभार त्यांच्याच हातीं होता. तेथील यामाक्रॉ लोकांचा वृद्ध नायक टोमोचीची ह्याच्या संमतीनें त्यांनीं वस्ती केली. १७३९ सालीं टोमोचीची मरण पावला, तेव्हां त्याच्या शवपेटीस खांदा देणाऱ्यांत ओगलथॉर्पही होते.

१७३५ सालीं विश्वस्तांनीं वसाहतींत गुलाम ठेवण्यास मनाई केली. हें केवळ दयेनें झालें असें नाहीं. जवळच्या फ्लॉरिडांतील स्पॅनिश लोकांची भीति होती, आणि वसाहतवाल्यांनीं स्वतः कष्ट करावे हाही हेतु होता. ओगलथॉर्प स्वतः पूर्वीं गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीचे उपगव्हर्नर होते. परंतु मेरीलंडमध्यें गुलाम होऊन पडलेल्या अयूबा नांवाच्या एका आफ्रिकन गृहस्थाचें पत्र त्यांच्या हातीं आलें. त्यांनीं त्याच्या किंमतीची हमी दिली, आणि पुढें तो सुटून स्वदेशीं गेला. १७३२ सालच्या अखेरीस ओगलथॉर्प ह्यांनीं त्या कंपनीशीं संबंध तोडला.

मनाईविरुद्ध लवकरच कुरकुर सुरू झाली. शेजारच्या कॅरोलायनांतील मळेवाले गुलामांच्या श्रमावर धनवान होत असलेले सव्हानांतील लोकांस दिसत होते. धर्मासाठीं हद्दपार होऊन आलेल्या साल्झबर्गच्या प्रॉटेस्टंट लोकांनीं व डेरियन गांवच्या स्कॉच लोकांनीं १७३९ सालीं मनाई कायम ठेवावी अशी विनंति केली. परंतु खेदाची गोष्ट ही कीं, प्रसिद्ध उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड ह्यांनीं आपल्या अनाथाश्रमाच्या खर्चासाठीं गुलाम असावे असा आग्रह धरिला. अनाथांचें पोषण व्हावें म्हणून दुसऱ्यांचीं मुलें दास करावीं, ह्यांतील विसंगति त्या भक्तिमान् पुरुषास दिसली नाहीं.

१७४२ सालीं स्पॅनिश स्वारी परतविल्यावर १७४३ सालीं ओगलथॉर्प इंग्लंडास गेले, ते पुन्हा आले नाहींत. मागें विल्यम स्टीफन्स हे कारभार पाहूं लागले. १७५१ च्या आरंभापासून मनाई उठली, आणि १७५२ सालीं विश्वस्तांनीं सनद परत केली. मग राजाचे गव्हर्नर आले: १७५४ सालीं जॉन रेनॉल्ड्स, १७५७ सालीं हेन्री एलिस, व १७६० सालीं जेम्स राइट. राइट कारभारांत कुशल होते. पण त्यांच्या स्वतःच्या मळ्यांवर पांचशेंहून अधिक गुलाम राबत. १७७५ च्या सुमारास त्या प्रांतांत सुमारें १८,००० गुलाम होते.

ओगलथॉर्प १७८५ सालीं वारले. वृद्धपणींही ते गुलामगिरीचे कट्टे विरोधक ग्रॅन्व्हिल शार्प ह्यांच्या पक्षाचे होते. जॉर्जियांतील गुलामांस मात्र मोठें युद्ध होऊन १८६५ साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली.

अधिकारी बदलतात, कायदेही बदलतात. मंडळींतील लोकांच्या अंतःकरणांत जें न्याय्य तें रुजलें नाहीं, तर चांगल्या पुढाऱ्याचें काम त्याच्या पाठीमागें टिकत नाहीं. आपल्या मंडळींत एखाद्यानें चांगली रीत घातली असेल, तर तो निघून गेल्यावर ती कोण राखील, ह्याचा विचार आपण आजच करावा.