हाताने घडवलेला कॅमेरा : कलामहर्षी बाबूराव पेंटर

विद्यार्थी मित्रांनो, वस्तू बिघडली की आपण चटकन नवी आणतो. पण हवी ती वस्तू आवाक्यातच नसेल तर? या अंकात आम्ही अशाच एका कलावंताची ओळख करून देत आहोत.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. शाळेचे शिक्षण थोडेच, पण लाकूड, लोखंड आणि रंग यांचे धडे कारागीर वडिलांकडून घरीच मिळाले. बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटकांचे पडदे रंगवीत, म्हणून दोघेही 'पेंटर' झाले. 1908 साली केशवराव भोसले यांनी आपल्या हुबळीत स्थापन केलेल्या ललितकलादर्श मंडळीचे पडदेही त्यांनी रंगवले.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला आणि या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. फाळक्यांनी कॅमेरा विलायतेहून आणला होता. यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला आणि त्याचा अभ्यास करून स्वतःच कॅमेरा घडवायचे ठरवले.

काम नाजूक होते. कॅमेऱ्यातील आकडा फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून ती एका चित्राएवढी पुढे ओढतो आणि थांबवतो. तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो. त्या काळी हे सेकंदाला सुमारे 16 वेळा घडे, तेही हाताने दांडा फिरवून. यात केसभर चूक झाली तरी पडद्यावरचे चित्र थरथरते.

काम अर्धवट असतानाच 1916 साली आनंदराव वारले. ज्यांच्या डोक्यात आराखडा होता तेच गेले. तरीही बाबूरावांनी काम टाकले नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने 1918 साली कॅमेरा तयार झाला. तानीबाई कागलकर यांनी पैशांचे साहाय्य केले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे 1925 च्या 'सावकारी पाश' मध्ये बाबूरावांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची व्यथा मांडली. त्यात तरुण शेतकरी झालेले व्ही. शांताराम लहान वयात आपल्या हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम करत होते.

16 जानेवारी 1954 रोजी बाबूरावांचे निधन झाले.

पालकांना आमची एक विनंती आहे. मूल घरातले जुने घड्याळ खोलून बसले तर लगेच रागावू नका. स्क्रू ठेवायला एक वाटी मात्र जवळ द्या!