रानड्यांचं उपरणं

आपल्या होस्टेलवर सगळ्यात जास्त भांडणं इस्त्रीवरून होतात. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री एका इस्त्रीमागे पाच-सहा जण रांगेत असतात. अशाच एका रात्री रांगेत उभा असताना मला नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचं उपरणं आठवलं.

आपण गोखले कॉलेजच्या चौकातून येता-जाता असतो. पण ज्यांचं नाव त्या कॉलेजला दिलंय ते गोखले शिकले आपल्याच भागात, हे मला सेकंड इयरपर्यंत माहीत नव्हतं.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील कागलला नोकरीला, म्हणून सुरुवातीची शाळा कागलची आणि पुढची कोल्हापूरची. १८७९ साली वडील गेले. तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला पाठवले. गोपाळ हातानं स्वयंपाक करायचा, तेल वाचवायला रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचा. मेसच्या भाजीवर कुरकुर करणाऱ्या माझ्यासारख्यानं हे वाचून गप्पच बसावं!

१८८१ ला मॅट्रिक, मग राजाराम कॉलेज आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. पुढं इंजिनिअरिंगचा विचारही त्यांनी करून पाहिला होता, पण १८८५ ला पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले. तिथं पुण्यात त्यांना गुरू भेटले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. गंमत म्हणजे रानड्यांचंही बालपण कोल्हापुरातच गेलेलं.

रानड्यांनी गोखल्यांना वर्गात कधी शिकवलं नाही. त्यांनी त्यांना लिहायला लावलं. सरकारी अहवाल, अंदाजपत्रकं, आकड्यांचे तक्ते वाचायला द्यायचे आणि त्यावरून सार्वजनिक सभेसाठी सरकारला पाठवायचे अर्ज तयार करून घ्यायचे. लिहिलेलं बारकाईनं तपासायचे. आकडा चुकता कामा नये, शब्द उगाच जड होता कामा नये. सभेच्या त्रैमासिकाचं संपादनही गोखल्यांकडं आलं. १८९० मध्ये ते सभेचे चिटणीस झाले.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. पुढच्याच वर्षी, मार्च १९०२ मध्ये, कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण केलं. सरकारच्याच आकड्यांनी त्यांनी दाखवून दिलं, की तिजोरीतली शिल्लक ही गरिबांवरच्या जादा कराची आहे. सगळा देश ते भाषण वाचत होता. पण ज्यांनी हे शिकवलं ते मात्र ऐकायला नव्हते.

आता उपरण्याची गोष्ट. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले होते. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानाची मेजवानी होती. रानड्यांनी भेट दिलेलं एक उपरणं ते जिवापाड जपायचे आणि खास प्रसंगीच वापरायचे. त्या दिवशी ते चुरगळलेलं निघालं. धोब्याकडं द्यायला वेळ नव्हता. गांधीजींनी इस्त्री करायची तयारी दाखवली. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर विश्वास होता, पण इस्त्रीवर नव्हता! डाग पडला तर काय, म्हणून ते तयार होईनात. ते उपरणं म्हणजे त्यांना काय आहे, हे त्यांनी सांगितलं. गांधीजींनी हट्टानं इस्त्री केली आणि ती नीट झाली. हा प्रसंग गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलाय.

गुरू जाऊन अकरा वर्षं झाली होती. नामदार झालेला, सगळ्या देशाला माहीत असलेला माणूस एका कापडासाठी एवढा कासावीस होतो, हे वाचून मला माझी लाज वाटली. फर्स्ट इयरला माझा पहिला लेख एका सरांनी दोनदा परत केला होता, लाल पेनानं भरून. मी रूमवर येऊन त्यांना वाट्टेल ते बोललो. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा तो छापून आला. सगळ्यांना पार्टी दिली, पण सरांना भेटायला गेलो नाही. आता ते रिटायर झालेत.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी. रानड्यांचे उपकार त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवले. माझ्याकडं उपरणं नाही, पण लाल शाईचे ते दोन कागद अजून आहेत. हा अंक हातात आला, की तो आणि ते कागद घेऊन मी सरांच्या घरी जाणार आहे. याही लेखात त्यांना चुका सापडतीलच. सापडू देत.