वस्तीची आई : एडा सॉल्टर

लंडन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजवाडा उभा राहतो. पण त्याच लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेला बर्मंडसी नावाची कामगारवस्ती होती. गोदी, चामड्याचे नि बिस्किटांचे कारखाने, अंधाऱ्या कोंदट खोल्या आणि पाचवीला पुजलेला क्षयरोग!

या वस्तीला आपलं मानणाऱ्या एडा यांचा जन्म 1866 चा, राउंड्स या गावातला. समाजसेवेच्या ओढीनं त्या लंडनला आल्या. 1900 मध्ये डॉ. आल्फ्रेड सॉल्टर यांच्याशी लग्न झालं. डॉक्टर हुशार, श्रीमंत भागात दवाखाना सहज चालला असता. पण दोघांनी बर्मंडसीतच संसार मांडला. त्यांची एकुलती एक लेक जॉइस वस्तीतल्या पोरांबरोबरच वाढली. 1910 मध्ये स्कार्लेट फीवरनं तिला नेलं. पोर अवघी आठ वर्षांची होती हो!

दुसरं कुणी असतं तर वस्ती सोडून गेलं असतं. एडा गेल्या नाहीत. 1909 मध्येच त्या नगरसेविका झाल्या होत्या. 1922 मध्ये त्या बर्मंडसीच्या महापौर झाल्या, लंडनमधल्या पहिल्या महिला महापौर. मानाचा झगा नि साखळी मात्र त्यांनी नाकारली. डॉक्टरही त्याच वर्षी खासदार झाले.

मग पालिकेनं आरोग्य मनावर घेतलं. आजार होऊच नये म्हणून दूध, दात, स्वच्छता, क्षयरोग यांवर पालिकेनं स्वतः चित्रपट काढले. गाडीवर पडदा लावून ते भर रस्त्यात दाखवले जात, आणि बघायला पोरांची ही गर्दी! क्षयाच्या काही रोग्यांना उपचारासाठी थेट स्वित्झर्लंडला पाठवलं. 1926 मध्ये प्रकाशोपचाराचं केंद्र निघालं, 1936 मध्ये ग्रेंज रोडवर आरोग्य केंद्र उभं राहिलं. केंटमधलं सॉल्टर दांपत्याचं घर बाळंतिणींच्या विश्रांतीसाठी दिलं गेलं. एडांनी तर रस्तोरस्ती हजारो झाडं लावली. मोकळी हवा आणि फुलं गरिबालाही हवीतच, हा त्यांचा हट्ट.

1942 मध्ये, महायुद्ध चालू असतानाच त्या गेल्या. 2014 मध्ये थेम्सकाठी त्यांचा पुतळा बसवला. हातात फावडं, समोर डॉक्टर आणि छोटी जॉइस.

मैत्रिणींनो, आपल्या नगरपालिकांत आज निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्या खुर्चीवर बसून गटार, पाणी, लसीकरण यांचा जाब विचारायचा की नुसती सही करायची, हे मात्र आपल्याच हातात आहे.